‘एकच प्याला’तील विसरलेला भगीरथ

नाटकातील पात्राचे नाव सामान्यनाम होऊन बसावे, हे भाग्य फार थोड्या नाटककारांच्या वाट्याला येते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील तळीरामाला ते लाभले. ज्यांनी हे नाटक वाचले नाही, पाहिलेही नाही, ते लोकही गावातल्या दारुड्याला ‘तळीराम’ म्हणतात. सुधाकर म्हटले की दारूपायी धुळीला मिळालेला बुद्धिमान पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. सिंधू म्हटले की ठिगळाच्या लुगड्यातील सोशिक पत्नी आठवते. याच नाटकात दारूच्या तोंडातून सुटून माणसांत परतलेला एक तरुण आहे. त्याचे नाव भगीरथ. मात्र हे नाव रसिकांच्या ओठांवर सहसा येत नाही. पडलेला लक्षात राहिला आणि उठलेला विसरला गेला, या एका गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ नाट्यसमीक्षेचा नाही. ज्या घरात पुरुषाचे व्यसन हा रोजचा प्रसंग आहे, त्या घराने कोणत्या शेवटाची वाट पाहावी, हे ठरविण्यात अशा साहित्यकृतींचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो.

नाटकाची हकीकत थोडक्यात अशी. गडकऱ्यांनी ते १९१७ च्या सुमारास लिहिले. जानेवारी १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. आपल्या नाटकाला मिळालेले यश पाहण्याचे सुख लेखकाला मिळाले नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी प्रेक्षकांच्या मनावर जी पकड बसविली, ती शंभर वर्षे उलटूनही पुरती सुटलेली नाही.

सुधाकर हा स्वतःच्या हिमतीवर वर आलेला तरुण वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, त्याची सनद काही काळासाठी रद्द होते, आणि अपमानाने पेटलेल्या त्या मनापुढे त्याचा कारकून तळीराम विसर पाडणारे औषध म्हणून पहिला प्याला धरतो. पुढचा उतार सर्वांना ठाऊक आहे. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला येतो, ती जात नाही. दळणकांडण करून संसार ओढते. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, काम मागण्यासाठी जुन्या ओळखीच्या लोकांचे उंबरे झिजवितो, जागोजागी नकार घेतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. अखेरीस धुंदीत त्याच्या हातून लेकरू दगावते, सिंधू घायाळ होऊन मरते आणि सुधाकर दारूतून विष घेऊन जीवन संपवितो.

या नाटकावर ते अतिरंजित असल्याचा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. भाषेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. गडकऱ्यांची पात्रे शोकातही अलंकार सोडीत नाहीत. परंतु व्यसनाच्या वाटचालीचे जे चित्र त्यांनी काढले आहे, ते अलंकारांची झूल उतरवून पाहिले तर विलक्षण अचूक आहे. पहिली गोष्ट म्हणजे सुधाकर चैनीसाठी पीत नाही, अपमान गिळता येत नाही म्हणून पितो. पुरुषाच्या व्यसनामागे अनेकदा हेच मूळ सापडते. हरल्याचे दुःख बोलून दाखविणे त्याला कमीपणाचे वाटते, रडणे तर त्याहून लाजिरवाणे. मग बाटली हाच त्याचा अबोल मित्र होतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्यसनाच्या चढत्या अवस्थांची जाण. पिणारा आरंभी कसा सावध असतो, मग लपवू लागतो, मग लपविण्याचीही गरज उरत नाही, हे सुधाकर स्वतः रामलालला उलगडून सांगतो. स्वतःच्या रोगाचे एवढे स्पष्ट ज्ञान असलेला माणूस त्या रोगातून सुटू मात्र शकत नाही. ज्ञान असणे आणि सुटका होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गडकऱ्यांना उमगले होते. तिसरी गोष्ट नाटकाच्या नावातच आहे. व्यसनी माणसाचा घात दहाव्या प्याल्याने होत नाही, पहिल्या प्याल्याने होतो. पुढे १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातील दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दारूने पोळलेले दोघे एकत्र आले आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचा पायाही हाच आहे की पहिला घोट टाळा, तोही फक्त आजच्या दिवसापुरता. सोळा वर्षे आधी मराठी नाटककाराने निम्मे सूत्र शीर्षकात लिहून ठेवले होते. ‘आजच्या दिवसापुरता’ हे उरलेले निम्मे सूत्र मात्र त्याच्या हाती लागले नव्हते.

आता नाटकातील उपचारांकडे पाहू. तळीराम आजारी पडतो तेव्हा त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य येतात. रोग्याकडे पाहण्याऐवजी ते एकमेकांच्या शास्त्राचे वाभाडे काढतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. संपूर्ण नाटकात व्यसनाच्या संदर्भात वैद्यकाचे दर्शन घडते ते असे प्रहसनाच्या रूपाने. याचा दोष गडकऱ्यांकडे जात नाही, कारण १९१९ साली दारूच्या व्यसनावर म्हणावे असे वैद्यक आपल्याकडे नव्हतेच. दारूशी वैर धरणारे डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ च्या सुमारास प्रसिद्धीस आणले. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्झोनसारखी औषधे तर त्यानंतर कित्येक दशकांनी आली. तेव्हा सुधाकराच्या हाती एकच साधन होते, ते म्हणजे शपथ.

आणि या शपथेपाशीच नाटकाचे मर्म आहे. तिचा प्रसंग पाहताना प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो. सिंधूचा चेहरा उजळतो. पण ती शपथ घेऊन सुधाकर जातो कोठे? एकटाच रस्त्यावर, नोकरी मागायला. बरोबर कोणी नाही, शरीराला औषध नाही, जुन्या कंपूऐवजी नवी सोबत नाही आणि जगाला त्याच्या शपथेची खबरही नाही. जे दरवाजे तो ठोठावतो, त्यांच्या आड बसलेले लोक त्याला दारुड्या म्हणूनच ओळखतात. गडकऱ्यांनी हा प्रसंग इतक्या निर्दयपणे रंगविला आहे की सुधाकराच्या दुसऱ्या पतनाचा अर्धा दोष त्या नकारघंटेकडे जातो. आपण मात्र तेवढा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरतो आणि ‘शपथ मोडली, म्हणजे माणूस संपला’ एवढाच धडा घरी नेतो.

याच नाटकात भगीरथ आहे. प्रेमात निराश होऊन तो दारूकडे वळतो आणि आर्य मदिरा मंडळाच्या त्या हास्यास्पद कंपूत येऊन बसतो. त्याचे दुःख सुधाकराच्या दुःखाहून जातीने वेगळे नाही. दोघेही दुखावलेल्या मानाचे रोगी आहेत. फरक पुढे पडतो. रामलालची आणि त्याची गाठ पडते. रामलाल त्याला झिडकारीत नाही, स्वतःच्या दुःखापलीकडे पाहायला लावतो आणि दीनदुबळ्यांच्या सेवेचे काम त्याच्या हाती देतो. सुधाकराने काम मागितले आणि ते मिळाले नाही. भगीरथाने मागितले नव्हते, तरी त्याला ते मिळाले. एकाला शपथ होती, दुसऱ्याला सोबत होती. नाटककाराने ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. आपण मात्र त्यांतील एकच घरी नेले.

असे का झाले? याचे उत्तर काही अंशी कलेत आहे आणि तेथे गडकऱ्यांना दोष द्यावा लागतो. भगीरथाचे परिवर्तन फार चटकन होते. एक संभाषण होते, काही उदात्त वाक्ये येतात, आणि पुढच्या वेळी तो भेटतो तेव्हा बदललेला असतो. त्याच्या थरथरणाऱ्या हातांची रात्र आपल्याला दिसत नाही. जुन्या मंडळाच्या दारावरून जाताना त्याचे पाऊल अडखळले की नाही, हे कळत नाही. सुधाकराच्या प्रत्येक पायरीला प्रवेश आहे, भाषण आहे, पद आहे. भगीरथाच्या चढणीला नेपथ्यामागची जागा मिळाली आहे. पतन नाट्यमय असते, सावरणे कंटाळवाणे असते, ही नाटककाराची अडचण मला समजते. पण परिणाम असा झाला की सुधाकर खरा वाटतो आणि भगीरथ उपदेशासाठी उभा केलेला वाटतो. प्रेक्षकाने ज्याच्यावर विश्वास ठेवला, तोच त्याच्या स्मरणात राहिला.

पतनाची एवढी सूक्ष्म भाषा आणि परतीची एवढी तोकडी, हा आपला वारसा आहे. त्याचे पडसाद आपल्या घरांतून ऐकू येतात. पुरुष दारू पिऊ लागला की आरंभी सर्वजण कानाडोळा करतात. लग्नाच्या आदल्या रात्री, बारशाला, सणाला, इतकेच काय मयताच्या घरीही प्याला फिरत असतो, तेथे एकालाच बोल कसा लावायचा? (आर्य मदिरा मंडळावर हसताना आपण आपल्याच मांडवाकडे पाहिले तर बरे.) पुढे प्रकरण हाताबाहेर गेले की घरचे लोक शपथ मागतात. देवाची, आईची, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून. शपथ मोडली की पाचवा अंक सुरू झाला असे समजून घर हताश होते. या दोहोंच्या मधे जे करण्यासारखे असते, ते नाटकात नव्हते म्हणून जणू जगातही नाही.

ते जगात आहे. सुधाकर आज आपल्या धर्मग्रामात असता तर त्याच्यापुढे कोणत्या वाटा असत्या, हे म्हणूनच क्रमाने सांगितले पाहिजे.

पहिली पायरी शरीराची. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एका सकाळी ‘आजपासून बंद’ म्हणून घरातच दारू तोडणे धोक्याचे असते. हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते, तर काहींना दोन ते चार दिवसांनी भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. प्रसंगी जीवही जातो. गावात त्याला ‘बाधा झाली’ म्हणतात. वस्तुतः तो दारूला सरावलेल्या मेंदूचा आक्रोश असतो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व जीवनसत्त्वे देऊन तो साधारण आठवडाभरात शांत करता येतो. नाटकातील डॉक्टर आणि वैद्य भांडत बसले, त्या जागी आज हे शास्त्र उभे आहे.

दुसरी पायरी निवासी उपचारांची. शरीरातून दारू गेली म्हणजे मनातून गेली असे नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ३५ दिवसांचा क्रम आहे. त्यात वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा, योग, श्रमाची कामे आणि दिनचर्येची शिस्त असते. वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांना गुरुवर्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड तेथे देण्यात आली. वसईकरांना तर कृपाचे केंद्र घरापासून दूर नाही. ज्यांना घर सोडून राहणे शक्य नाही, त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे बाह्यरुग्ण म्हणून जाऊनही औषधे व समुपदेशन घेता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग हा त्याचा कमी खर्चाचा मार्ग आहे.

तिसरी पायरी सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे केंद्रातून घरी परतल्यानंतरची. तेथे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा उपयोगी पडतात. त्यांना फी नाही, आडनाव विचारले जात नाही, आणि समोर बसलेला प्रत्येक माणूस त्याच खड्ड्यातून आलेला असतो. जी सोबत सुधाकराला मिळाली नाही, ती येथे आठवड्यातून अनेकदा मिळते.

या चळवळीच्या आरंभीची एक हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून सांगतो. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची धर्मभगिनी रुग्णनोंदणीचे काम पाहत असे. त्या काळी दारुड्याला दारूच्या कारणासाठी रुग्णालयात खाट मिळत नसे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉ. बॉब यांच्या विनंतीवरून तिने अशा एका रोग्याची नोंद पोटाचा विकार म्हणून केली आणि फुलांची व्यवस्था करण्याच्या खोलीत त्याची सोय लावली. पुढे तिच्या देखरेखीखालून हजारो रोगी गेले. निघताना ती प्रत्येकाच्या हाती पवित्र हृदयाचे एक पदक ठेवी आणि एकच अट घाली. पुन्हा प्यावेसे वाटले तर पिण्यापूर्वी येऊन ते पदक परत करायचे.

ही अट आणि सुधाकराची शपथ शेजारी ठेवून पाहावी. शपथ म्हणते, ‘मी पुन्हा कधीही पिणार नाही.’ सिस्टरची अट म्हणते, ‘पिण्याआधी माझ्याकडे ये.’ शपथ मोडली की माणूस लाजेने तोंड लपवितो. ही अट मात्र त्याला नेमक्या त्याच क्षणी माणसाकडे परत आणते. शपथेत सारा भार एकट्याच्या खांद्यावर असतो, अटीत तो दोघांत वाटला जातो. डब्लिनचा हमाल मॅट टॅल्बट यानेही १८८४ साली दारू सोडली तेव्हा आरंभीची शपथ तीन महिन्यांची होती. पुढे सहा महिन्यांची आणि मग जन्माची. १९२५ साली तो मरण पावला, तोवर चाळीस वर्षे त्याने ती पाळली. लहान मुदतीचे शहाणपण त्यातही दिसते. तेव्हा शपथेला माझा विरोध नाही. सोबतीवाचून घेतलेल्या शपथेवर सगळा संसार टांगण्याला आहे.

आता गडकऱ्यांनंतरच्या मराठी वाङ्मयाकडे वळू. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या देणगीचा आधार मिळाला आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या कष्टांतून १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण उभे राहिले. शब्दांतून संस्था जन्माला आल्याची अशी उदाहरणे आपल्या भाषेत थोडी आहेत. पुढे त्या संस्थेची कहाणी अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात सांगितली.

समीक्षकाच्या दृष्टीने या पुस्तकाचा विशेष म्हणजे त्याचा साधेपणा. येथे अंक नाहीत, पडदा नाही. एक माणूस येतो, सुधारतो, घसरतो, पुन्हा येतो. त्याच्याविषयी लिहिताना लेखकाचा आवाज चढत नाही. घसरलेल्याला त्या घरात ‘पुन्हा आलास?’ असे दरडावून विचारले जात नाही, आणि लेखकही वाचकाला तसे विचारू देत नाही. तेथे दारू सोडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्याने आलेल्यांना हात देतात. म्हणजे भगीरथच पुढे रामलाल होतो. गडकऱ्यांना जे नेपथ्यामागे ठेवावे लागले, ते अवचटांनी सपाट, बोलक्या गद्यात प्रकाशात आणले. माझ्या मते व्यसनमुक्तीला साजेसा वाङ्मयप्रकार नाटकापेक्षा असे गद्यच आहे, कारण त्यात रोजच्या दिवसाला जागा असते.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही संस्थेची गोष्ट आहे. साहजिकच तिचे केंद्र संस्थेच्या आवारात आहे. घरी परतलेला पुरुष पहिल्या सोमवारी कामावर जातो, पगाराच्या दिवशी जुना मित्र नाक्यावर भेटतो, बायको अजून त्याच्या श्वासाचा वास घेते, पोरगा त्याच्याशी बोलत नाही. या उंबऱ्याच्या आतल्या कथेचा विस्तार अजून कोणीतरी लिहायचा आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातही कथा मेजवानीपाशी, थोरल्या भावाच्या रागापाशी थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे भाऊ एका शेतात कसे राबले असतील, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतः सोडवायचा असतो.

सिंधूविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. तिच्यासाठी महाराष्ट्राने जेवढे अश्रू ढाळले, तेवढे क्वचितच दुसऱ्या नायिकेसाठी ढाळले असतील. तिची निष्ठा खोटी नाही. पण मरताना ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचविण्यासाठी आपण पडून लागल्याचे सांगते, तेथे टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाने क्षणभर थांबावे. जखम झाकणारी पत्नी हा आदर्श म्हणून आपण किती लेकीसुनांच्या गळ्यात बांधला आहे? तळीरामाची बायको गीता फटकळ आहे, नवऱ्याच्या दारूला दारू म्हणते, म्हणून तिच्यावर आपण हसतो. आजचे समुपदेशक जे सांगतात, ते सिंधूपेक्षा गीतेच्या जवळचे आहे. व्यसन झाकू नका. कामावर त्याच्या वतीने खोटी चिठ्ठी पाठवू नका. त्याची उधारी फेडू नका. मार खाऊन घरात राहू नका, स्वतःला आणि लेकरांना आधी सुरक्षित करा. हे सारे प्रेम सोडून न देताही करता येते. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल्-ॲनॉन’ हे स्वतंत्र सहायक गट चालतात ते एवढ्याचसाठी. सिंधूला असा गट मिळाला असता तर तिची निष्ठा कमी झाली नसती, तिचे मरण मात्र कदाचित टळले असते. आणि ‘लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे नाटक पुन्हा एकदा वाचावे. सुधाकराला सिंधूसारखी बायको होती, तरी तो सावरला नाही. पत्नी हे औषध नव्हे.

औषधाचा विषय निघाला म्हणून आणखी दोन गोष्टी. चहात किंवा आमटीत गुपचूप पूड मिसळण्याचे उपाय आजही जाहिरातींतून विकले जातात. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. ते औषध रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. दुसरे, ‘रात्री गाडी पाठवून उचलून नेतो, सुधारूनच परत देतो’ असे सांगणाऱ्या जागांपासून सावध राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनातून आलेले मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. नोंदणी आहे का, डॉक्टर आहेत का, घरच्यांना भेटता येते का, सुटल्यानंतरचा पाठपुरावा काय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही कोठे सोपवू नये.

केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेली एक देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील पुरुषांत दारू घेणाऱ्यांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. त्याहून विचार करायला लावणारा आकडा वेगळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाला, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळालेला तर १८० जणांमागे एक. म्हणजे ३८ सुधाकरांपैकी ३७ आजही १९१९ सालातच जगत आहेत. शास्त्र पुढे गेले, केंद्रे निघाली, पण लाज आणि निराशा या दोघींनी दार अडविले आहे. ‘लोक काय म्हणतील’ ही लाज आणि ‘याचा काही उपयोग नाही’ ही निराशा. पहिली समाजाने दिली. दुसरीत साहित्याचाही हात आहे.

मधुमेही माणसाची साखर एकदा वाढली म्हणून आपण त्याच्या नावाने रडून उपचार थांबवीत नाही, मात्रा बदलून पुन्हा सुरू करतो. व्यसनही असेच दीर्घकाळ सांभाळण्याचे दुखणे आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केंद्रात जावे लागणे ही नाचक्की नव्हे. फरक एवढाच की या दुखण्यात रोग्याच्या हातून इतरांनाही इजा होते, म्हणून त्याच्या जबाबदारीचा विसर पडू देता कामा नये. त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्यानेच हळूहळू करायची असते. बारा पायऱ्यांतही तेच सांगितले आहे. अमेरिकेतील जेज्विट धर्मगुरू एडवर्ड डाउलिंग यांनी त्या पायऱ्या वाचल्या तेव्हा त्यांना संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेशी त्यांचे साम्य जाणवले, आणि १९४० च्या अखेरीस ते स्वतः बिल विल्सनला भेटायला गेले. आत्मपरीक्षण, कबुली, भरपाई आणि दुसऱ्याची सेवा, हा क्रम आपल्या वाचकांना परका वाटू नये.

‘एकच प्याला’ हे थोर नाटक आहे आणि ते पुन्हा पुन्हा व्हावे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे, निदान वाचावे. फक्त या वेळी सुधाकरावरून नजर थोडी बाजूला सारून भगीरथाकडे पाहावे. त्याला रामलालने काय दिले ते मोजावे. थोडा वेळ, थोडा विश्वास आणि करायला काम. आपल्या वाडीतला जो पुरुष या महिन्यात केंद्रातून परत आला असेल, त्याला यांतले काय आपण देऊ शकतो, हे ठरविणे कठीण नाही. सभेला जाताना त्याच्याबरोबर कोणी जावे, लग्नघरी त्याच्या हातात सरबताचा पेला आवर्जून द्यावा, आणि कोणाकडे शेतावर, दुकानात वा बांधकामावर माणूस हवा असेल तर पहिले नाव त्याचे सुचवावे. आणि आपल्यातील लिहिणाऱ्या तरुणांनी त्या उंबऱ्याच्या आतली गोष्ट लिहायला घ्यावी. गडकऱ्यांनी पतनाचे पाच अंक लिहून ठेवले आहेत. भगीरथाचा पहिलाच अंक अजून कोरा आहे.